लहेरीमासीच्या वेजेस काळ्या पडल्या तो दिवस

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं आणि दोनदा पुसलं. एक तर लहेरीमासीच म्हणाली, "लिहून काय होणार गं? बटाटे गोरे होणारेत का?" आणि दुसरं म्हणजे ह्या सगळ्यात मी स्वतः काही फार चांगली वागलेय अशातला भाग नाही, ते पुढे येईलच. पण काल कॉलेज सुटल्यावर तिला गेटावर एकटीला बघितलं. समोर एक गिऱ्हाईक नाही, आणि ती टोपलीतल्या फोडी स्वतःच एकेक करून खातेय. मग नाही राहवलं. चुका असतील, सोडून द्या.

तर लहेरीमासी, म्हणजे आम्हा सगळ्यांची मावशी. लहेरीबेन माळी. वय त्रेपन्न, पण विचारलं तर "असतील पन्नास" म्हणून मोकळी होते. पिनल, म्हणजे तिची मुलगी, तीन वर्षांची असताना नवरा ट्रॅक्टरखाली गेला. त्यानंतर तेवीस वर्षं ती आमच्या डीसाच्या, म्हणजे गुजरातेतल्या ह्या बटाट्याच्या गावाच्या, हायवेवरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बटाटे निवडायला होती. पट्ट्यावरून बटाटे येत राहतात. कापलेला इकडे, हिरवा तिकडे, कोंब फुटलेला खाली. बाकीच्या बायका डोळ्यांनी निवडायच्या, ही अंगठ्याने. बोलत बोलत, हसत हसत अंगठा फिरायचा आणि सडका बटाटा बरोबर बाजूला पडायचा. गोण्या शिवायलाही तिलाच बसवायचे. दाभण हातात आलं की तिची शिवण अशी एकसारखी पडायची की नवीन आलेल्या मुलींना विचारावं लागायचं, इथे मशीन आहे का म्हणून.

तिला तिथे लावलं हरचंदभाईंनी. ते तिथले सुपरवायझर, सगळ्या चेंबरच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. नवरा गेल्यावर दीर-जावांनी लहेरीबेनला शेतावरच्या खोलीतून जवळजवळ हाकललंच होतं. त्या वेळी हरचंदभाई म्हणाले, "बेन, सोमवारपासून ये. मुलीला पण घेऊन ये, गोण्यांवर झोपेल." त्याच श्रावणात तिने त्यांना राखी बांधली. रक्ताचं नातं काही नाही, जातही वेगळी. पण मानलेला भाऊ म्हणजे भाऊच. पिनलच्या लग्नात मामाकडचं मामेरू, म्हणजे आहेर, घेऊन तेच आले, ढोल वाजवत, चौदा माणसं, ताटात साडी-चोळी, पिनलला चांदीचे पैंजण. मांडवात लहेरीबेनचे सख्खे भाऊ मागे उभे आणि हरचंदभाई पुढे. ती आठवण निघाली की अजून तिचा आवाज बदलतो. आता वेगळ्या कारणाने बदलतो, पण बदलतो.

आता बटाट्याचं एक सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन डिग्रीत ठेवलेला बटाटा महिनोन्महिने ताठ राहतो, भाजीला एकदम फर्स्ट क्लास, पण आतल्या आत गोड होत जातो. आणि गोड बटाटा तापला की काळा पडतो. म्हणून वेफर आणि वेजेसचा, म्हणजे जाड फोडींचा, माल वेगळा, बारा डिग्रीत, आमच्या त्या स्टोरेजमध्ये चार नंबरच्या चेंबरमध्ये. बाहेरून बघितलं तर दोन्ही अगदी जुळे, डोळ्यांना ओळखू येतच नाहीत. ओळख एकच, गोणी शिवायचा दोरा. चार नंबरचा हिरवा, बाकीच्यांचा पांढरा. आणि तरी कुणी दोऱ्यावर विश्वास ठेवत नाही. गोणी दारात आली की एक बटाटा काढायचा, उभा चिरायचा, त्याची एक फोड तळून बघायची, ह्यालाच गोणी चिरणं म्हणतात. डीसात कुणीही असो, मोठा व्यापारी असो की घरची बाई, गोणी चिरल्याशिवाय घेत नाही.

फक्त भावाची गोणी चिरत नाहीत. हे कुठे लिहिलेलं नाही, पण निवडणाऱ्या सगळ्या बायका पाळतात. ज्याच्या मनगटावर राखी बांधली त्याच्या मालाला सुरी लावायची नाही. लावली तर तो अपमान.

गुडघे गेले तेव्हा लहेरीबेनने स्टोरेज सोडलं. पिनल अहमदाबादला असते, तिने आईला एअर फ्रायर पाठवला, डॉक्टरांनी तेल बंद सांगितलं म्हणून. लहेरीबेनने सहा महिने त्यात पापड ठेवले. "झाकण घट्ट आहे बघ, सादळत नाहीत," असं फोनवर सांगायची आणि पिनल पलीकडे डोक्याला हात लावायची. एकदा पिनल स्वतः आली, पापड काढले, बटाट्याच्या फोडी टाकल्या आणि अठरा मिनिटांनी आईच्या समोर ठेवल्या. लहेरीबेनने एक खाल्ली. मग उठून स्वतः दुसरा बटाटा चिरला. म्हणाली, "तू जाड चिरलेस. आणि पुसले नाहीस."

तिची रीत अशी: बटाटा सालासकट, एकाच्या आठ फोडी. अर्धा तास गार पाण्यात, पाणी दोनदा बदलायचं. मग मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, जास्त नाही. मग जुन्या सुती साडीवर पसरून अगदी कोरड्या करायच्या, इथे घाई केली की संपलं. वर तांदळाचं पीठ, मीठ, लाल तिखट, वाटलेला लसूण, आणि एवढ्या सगळ्याला मिळून दोन चमचे शेंगदाणा तेल. दोनशेवर दहा मिनिटं, टोपली हलवायची, परत आठ. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ. आणि बरोबरचं ते पांढरं. पोरं त्याला डिप म्हणतात, ती "चक्का" म्हणते. रात्रभर टांगलेलं म्हशीचं दही, त्यात दोन चमचे साय, हिरवी मिरची, पुदिना, भाजलेलं जिरं आणि चिमूटभर मोहरीची पूड. साय घातल्यामुळे ते जिभेवर जरा रेंगाळतं. मी तर बोटाने चाटते, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी तिने कॉलेजच्या गेटाशेजारी टेबल टाकलं. वीज मफाभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानातून. एकाचे दोन एअर फ्रायर झाले आणि मग रोजची भांडणं.

"ओ लहेरीबेन! तुमचे दोन्ही डबे एकदम चालू केले ना? इथे कुणाची तरी मार्कशीट अर्धी निघाली!"

"अर्धीच बरी मफाभाई, खालचे मार्क दिसले नाहीत तर पोरगं खूशच होईल!"

पोरं ओरडायची, "मासी, लवकर, लेक्चर आहे!" ती म्हणायची, "लेक्चर उद्या पण असतं. फोड गरम आत्ताच आहे. उभा राहा." आणि कोण उपाशी आहे हे तिला कळायचं कसं काय माहीत, त्याच्या कागदात चार फोडी जास्तच पडायच्या.

बटाटा हरचंदभाईंकडूनच यायचा. दर पंधरा दिवसांनी एक गोणी, चार नंबरची. ते स्वतः स्कूटरवर पुढे ठेवून आणायचे, टेबलामागच्या स्टुलावर बसायचे, एक प्लेट खायचे आणि म्हणायचे, "माझ्या बेनच्या हाताला तोड नाही." ती कधीही गोणी चिरायची नाही.

ह्या वर्षी जूनमध्ये बातमी आली की कॉलेज कँटीनची खोली रिकामी झालीय आणि ट्रस्टींनी ठरवलंय की ती गावातल्याच एखाद्या बाईला द्यायची. लहेरीबेन दोन दिवस येता-जाता त्या खोलीत डोकावून आली. तिसऱ्या दिवशी मफाभाईंकडून अर्ज भरून घेतला. तिला त्या खोलीत नळ दिसत होता. स्वतःचा प्लग दिसत होता. आणि बसायला खुर्ची, कारण दिवसभर उभं राहून तिचे गुडघे संध्याकाळी असे सुजायचे की रिक्षात चढताना कुणीतरी हात द्यावा लागायचा. पिनलला फोन केला, "मिळाली ना, तर दाराला कुलूप माझं असेल. रात्री सामान घरी वाहून न्यायला नको." पिनल म्हणाली, "बा, मिळणारच. तुझ्यासारख्या वेजेस कुणाच्या आहेत?"

ट्रस्टींनी आषाढातला एक गुरुवार ठरवला. अर्ज करणाऱ्यांनी सकाळी अकराला यायचं; पदार्थ करून आणायचा नाही, तिथेच समोर करायचा, फक्त तयारी घरून चालेल. अर्ज दोन होते. दुसरा कुणाचा ते कुणी सांगितलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

सोमवारी हरचंदभाई गोणी घेऊन आले. "बेन, चार नंबरमधली सगळ्यात मागची रास फोडून काढलीय. गुरुवारसाठी."

"वीरा, भाऊ माझा, एवढं कशाला?"

"एवढं कशाला काय? माझ्या बहिणीचं कँटीन होणार, मी फुकट चहा पिणार!"

दोघं हसले. तिने हिरवा दोरा बघितला आणि गोणी घरात देवाच्या फळीखाली ठेवली. जुनी गोणी बुधवारपर्यंत पुरली. नवी गुरुवारीच उघडायची, शुभ कामाला कोरा माल, असं तिच्या मनात.

गुरुवारी ती नवीन बांधणीची साडी नेसून आली. कँटीनच्या खोलीत दोन टेबलं मांडलेली. एकावर तिचे दोन एअर फ्रायर. दुसऱ्यावर शेगडी, मोठी कढई, आणि कढईमागे जिगीषा. हरचंदभाईंची सून.

लहेरीबेनला आधी आनंदच झाला. खरंच. ती मला म्हणाली, मला वाटलं घरचंच माणूस आहे, आता भीती नाही. पुढे होऊन तिने जिगीषाच्या गालाला हात लावला.

"अगं तू? आणि भाई काही बोलले नाहीत! म्हणजे कुणालाही मिळो, घरातच राहिलं की!"

जिगीषा म्हणाली, "हो मासी," आणि झारा पुसत राहिली. पुसलेलाच झारा परत पुसत राहिली.

"तू काय करणार?"

"वेजेस," जिगीषा हळूच म्हणाली. "तेलातल्या."

लहेरीबेन आणखी काही विचारणार, पण तोवर सहा ट्रस्टी येऊन बसले होते. पुढे अमथालालकाका. सत्तरीचे, तीन पिढ्या बटाट्यात, बोलणं तिखट. दोन्ही टोपल्या आत गेल्या. लहेरीबेन घरून तयारी करून आली होती, चिरून, उकळून, पुसून. चक्का वाटीत काढला, वर पुदिन्याचं पान ठेवलं. नवव्या मिनिटाला वास आला. जळकट-गोड, गुळाचा पाक पुढे गेला की येतो तसा. तिने टोपली ओढली.

काळ्या. करपलेल्या नाही, करपली तर कड करपते. ह्या सगळीकडून काळपट तपकिरी, जुन्या पितळेसारख्या, आणि आत अजून कच्च्या. दुसरी टोपली ओढली. तीच गत. तिने आच एकशे साठवर आणली, उरलेल्या फोडी घातल्या. त्या मऊ पडल्या आणि तरीही काळ्याच झाल्या. तिला माहीत होतं काय झालंय. तेवीस वर्षं जिने हे केलं तिला माहीत नसेल? कोमट पाण्यात पाऊण तास भिजवून साखर थोडी काढता येते, पण समोर सहा माणसं घड्याळ बघत बसलेली.

आणि शेजारच्या कढईतून सोनेरी फोडी निघत होत्या. एकसारख्या. चार नंबरच्या.

अमथालालकाकांनी तिची एक फोड उचलली, अर्धी खाल्ली, अर्धी ताटात ठेवली. "बेन, साखर घातलीस का यात? जिलबी करायची होती?"

बाकीचे हसले.

"काका, माल..." ती म्हणाली.

"माल काय? डीसात जन्म गेला ना तुझा? स्टोरेजमध्ये होतीस म्हणे. बटाटा चिरून बघता येत नाही, कँटीन काय चालवशील?" आणि चक्का चाखून म्हणाले, "हे मात्र बरं आहे. पण नुसतं हे चाटायला कोण येणार?"

काळ्या फोडी तिने स्वतःच्या पदरात घेतल्या, नवीन साडीच्या, आणि टेबल पुसलं. जिगीषाकडे बघितलं तर ती कढईत बघत होती.

पुढचे तीन दिवस तिने टेबल लावलं नाही. मफाभाई घरी जाऊन आले.

"मशीन बिघडलं असेल लहेरीबेन. मी कंपनीत फोन करतो."

"मशीन बरोबर आहे."

"मग?"

"माझा अंगठा गेला मफाभाई. वय झालं. धुताना, चिरताना, एवढे बटाटे हातातून गेले आणि मला कळलं नाही. मीच गेले."

तिला वाटलं गोणी चुकून बदलली; तोवर हरचंदभाईंवर शंका आली नव्हती, हे मला अजून समजत नाही. मी तिला विचारलं, मासी, तुला तिथल्या तिथे कळलं नाही? सून समोर उभी होती! ती म्हणाली, "तुला कळलं असतं. तू त्यांना राखी बांधली नाहीयेस."

रविवारी तिने उरलेली गोणी रिकामी करायला घेतली. गुरांना घालावी म्हणून. उलटी केली आणि तोंडाची शिवण, गुरुवारी निम्मीच उसवलेली, हातात आली. हिरवा दोरा. आणि हिरव्या दोऱ्याच्या शेजारी दाभणाची भोकं. रिकामी. एक ओळ हिरव्याची, एक ओळ कशाचीच नाही. म्हणजे गोणी आधी एकदा शिवली होती, उसवली होती, आणि मग परत शिवली. भोकात एके ठिकाणी पांढऱ्या सुतळीचा केसाएवढा धागा अडकलेला.

ती ओट्यावर बसली. शिवण बघत राहिली. टाके उलटीकडे कललेले. स्टोरेजमध्ये डावखुरं माणूस एकच. आणि शेवटची गाठ दुहेरी पीळ घालून आत ढकललेली. ती गाठ तिचीच होती. एका वर्षी शिवणाऱ्या बायका संपावर गेल्या तेव्हा तिने ती हरचंदभाईंना शिकवली होती, त्यांचा डावा हात स्वतःच्या हातात धरून.

सोमवारी दुपारी ती रिक्षाने स्टोरेजवर गेली. पट्ट्यावर बारा-पंधरा बायका बसलेल्या, सगळ्या तिच्या ओळखीच्या. "आली गं आली, कँटीनवाली शेठाणी!" कुणीतरी ओरडलं, त्यांना काही माहीत नव्हतं. तिने गोणी हरचंदभाईंच्या टेबलावर ठेवली, तोंड वर करून.

त्यांनी गोणीकडे बघायच्या आधी तिच्याकडे बघितलं आणि तिथेच तिला उत्तर मिळालं. पण तरी ती थांबली.

"बेन, बस. चहा सांगू?"

"ही कुणी शिवली?"

"असेल कुणीतरी..."

"भाई. कुणी शिवली?"

पट्टा चालू होता पण बायकांचे हात थांबले होते. बटाटे नुसतेच पुढे जात होते.

हरचंदभाईंनी किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला, परत उचलला. "बेन, मी तुला विष तर दिलं नाही ना? बटाटाच दिला. भाजीला चांगला आहे."

"मी भाजी करणार होते?"

"तू समजून घे. पोरगा दोन वर्षं घरी बसलाय. सून रोज जेवताना सुनावते. तिने अर्ज केला तेव्हा मी म्हटलं नको, लहेरी आहे. तर मला म्हणते, लहेरीमासी तुमची कोण? बोल, मी काय उत्तर देऊ?"

"काय दिलंत?"

ते जुडग्यातल्या किल्ल्या मोजायला लागले.

"काय उत्तर दिलंत भाई?"

"तुझं काय, तू एकटी आहेस. मुलगी चांगल्या घरी पडली. तुला टेबल पुरतं. आमच्याकडे पाच तोंडं आहेत."

"मग मला सांगायचं ना. एकदा म्हणायचं, बेन, अर्ज मागे घे. मी घेतला असता. देवाशप्पथ, तिथल्या तिथे फाडला असता."

ह्यावर ते चिडले. माणूस चुकला की शेवटी चिडतोच. "आणि तू बघायचं नाहीस? तेवीस वर्षं इथे काम केलंस! एक बटाटा चिरून बघता आला नाही तुला? मला वाटलं होतं तू बघशील! तू एक फोड जरी तळून बघितली असतीस ना, मी म्हटलं असतं चुकून आली, रात्रीत बदलून दिली असती. तूच बघितलं नाहीस."

लहेरीबेनला त्या क्षणी काय वाटलं ते तिने मला नीट सांगितलंच नाही. एवढंच म्हणाली की कान वाजायला लागले, कॉम्प्रेसर बंद पडल्यावर वाजतात तसे. अमथालालकाका जे बोलले तेच हे बोलत होते. फरक एवढाच की काकांना माहीत नव्हतं ती का बघत नाही. ह्यांना माहीत होतं. ह्यांना नेमकं तेवढंच माहीत होतं आणि तेवढ्यावरच सगळं केलं होतं.

ती म्हणाली, "बरोबर आहे. बघायला हवं होतं."

पट्ट्यावरची धनीबेन, सगळ्यात म्हातारी, उठून उभी राहिली. "हरचंदभाई, आजपासून आम्ही पण बघू. तुम्ही पगाराचं पाकीट दिलं तरी उघडून बघू."

"तू बस गं," लहेरीबेन तिलाच म्हणाली. "त्यांची नोकरी जाईल." गोणी टेबलावरच ठेवून ती बाहेर आली. रिक्षा सापडेपर्यंत उन्हात उभी राहिली, गुडघे धरून.

कँटीन जिगीषाला मिळालं. आणि आता माझं सांगते. मी गेले तिथे. आम्ही सगळेच गेलो. तिथे पंखे आहेत, बाक आहेत, तेलातल्या वेजेस खरंच कुरकुरीत असतात, बरोबर बाटलीतलं मेयोनीज. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, पण माहीत नसलं तरी दोन वर्षं जिने मला चार फोडी जास्त दिल्या तिच्या समोरून रोज चालत गेले ना मी? "मासी, आज घाई आहे" म्हणत. ती हात हलवायची. तीन आठवडे मी असं केलं. मग मफाभाईंनी एक दिवस झेरॉक्स देताना मला सगळं सांगितलं आणि मी तिथेच रडले, दुकानात, लोक बघत होते.

राखीच्या दिवशी काय झालं तेही सांगते. बहीण राखी बांधेपर्यंत हरचंदभाई काही खात नाहीत, दरवर्षीचं आहे. लहेरीबेन गेली नाही. सकाळचे दहा वाजले, अकरा वाजले, ती टेबलावर फोडी पुसत बसलेली. सुट्टीचा दिवस, गेटावर कुत्रंही नव्हतं, तरी तिने टेबल लावलं होतं. घरी बसवेना म्हणे. साडेबाराला फोन वाजला. मी शेजारीच होते, मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"बेन, मी अजून जेवलो नाही."

एअर फ्रायर वाजून बंद झाला. तिने टोपली ओढली, हलवली, परत आत ढकलली.

"जेवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला म्हणाली, "आता जेवतील ते. सांगितल्याशिवाय जेवले नसते." मग पुढच्या फोडी पुसायला घेतल्या.

आता ती स्वतः मार्केट यार्डातून बटाटा आणते. रिक्षाला जास्त पडतात, चार नंबरसारखा माल मिळत नाही, दहातल्या तीन गोण्या ती परत पाठवते. यार्डातले हसतात, "मासी, नवरी बघायला आलात का बटाटा घ्यायला?" ती उत्तर देत नाही, ती आता कमी बोलते. पण वेजेस पूर्वीसारख्याच झाल्यात, कदाचित जास्त चांगल्या, कारण आता बोलण्यात वेळ जात नाही. चक्का तोच. पोरं थोडी थोडी परत येतायत, पण कँटीनमध्ये पंखे आहेत, हे काही बदलणार नाही.

पिनलने तिला सांगून टाकलंय, नवरात्र झालं की अहमदाबादला ये, खोली तयार आहे. आणि ती हो म्हणालीय. मी म्हटलं, मासी, तू इथली आहेस, का जातेस? ती म्हणाली, "इथे कुणाच्याही हातातून काही घेताना मी आता आधी उलटं करून बघते. परवा देवळात प्रसाद उलटा करून बघितला. असं नाही जगता येत गं मला."

म्हणून हे लिहितेय. तुमच्यापैकी पुष्कळ जण दसऱ्या-दिवाळीला आबूला जातात. पालनपूरहून डीसा अर्धा-पाऊण तास, वाट थोडी वाकडी करा. कॉलेजच्या गेटाशी झेरॉक्सच्या दुकानाशेजारी निळ्या ताडपत्रीखाली बसलेली असते, दुपारी बारा ते पाच. मी सांगितलं म्हणून आलोय असं सांगू नका, तिला संकोच होतो. भावाबद्दल विचारू नका. एक प्लेट घ्या, ती म्हणेल थांबा, अठरा मिनिटं लागतील. तर थांबा. घाई आहे म्हणू नका. ह्या वर्षी दसऱ्या-दिवाळीची वाट मात्र बघू नका, नवरात्र संपायच्या आत जा.